धरणग्रस्त कोण, निर्वासित कोण?

नेवासे-शेवगावकडची काही गावं जायकवाडीच्या नाथसागरात गेली. तिथला माणूस स्वतःला ‘विस्थापित’ क्वचितच म्हणवतो, तो ‘धरणग्रस्त’. ग्रस्त म्हणजे गिळलेला. पंचांगातला ‘ग्रस्तोदय’ आठवा: ग्रहण लागलेलाच चंद्र उगवतो तो. शब्द अंगावर येण्याइतका चपखल आहे. सरकारदरबारी हाच माणूस ‘प्रकल्पग्रस्त’ होतो. त्या दाखल्यावर नोकरीत ५ टक्के समांतर आरक्षण आहे, म्हणून नातवंडंही तो जपून ठेवतात.

‘निर्वासित’ वेगळा. १९४७ साली सिंध सोडून आलेले ते निर्वासित. धरणग्रस्ताला हा शब्द लावणं चूकच. पाथर्डीचा ऊसतोड मजूर स्थलांतरित: कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप हंगाम संपला, की बैलगाडी घराकडे वळते. धरणग्रस्ताच्या जुन्या घराची जोती मात्र उन्हाळ्यात पाणी ओसरलं तरच दिसायची.