तळ्यात दोन टन मीठ!

हॉटेलात 'बासा' नावाने जो बिनकाट्याचा पांढरा तुकडा मिळतो, तो कॅटफिश कुळातला मासा. मांजरासारख्या मिशा, अंगावर खवले नाहीत. आपला मागूर, शिंगाळा हे त्याचेच भाऊबंद. आणि हा बासा शेतात गहू पिकवावा तसा तळ्यात वाढवलेला असतो. आता तुम्ही म्हणाल, इंजिनिअरिंगवाल्यांना माशांशी काय करायचंय? थांबा, सेकंड इयरचा मास बॅलन्स इथेच भेटणार आहे!

कॅटफिशच्या आजारांचा भरपूर अभ्यास झाला तो अमेरिकेत, मिसिसिपी, अलाबामा, अर्कान्सा या राज्यांत. तिथे मातीचे बांध घातलेल्या उथळ तळ्यांत 'चॅनल कॅटफिश' वाढवतात. खाद्य म्हणजे सोयाबीन पेंड आणि मक्याच्या तरंगत्या गोळ्या, त्यात २८ ते ३२ टक्के प्रथिने. सगळ्यात मोठा खर्च हाच.

आता हिशोब करा. एका हेक्टरच्या तळ्यात दिवसाला १०० किलो खाद्य टाकले. ३२ टक्के प्रथिने धरली तर त्यात साधारण ५ किलो नायट्रोजन असतो. माशाच्या अंगी लागतो फार तर दीड किलो. उरलेला साडेतीन किलो जातो कुठे? पाण्यात! आधी अमोनिया, मग जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि पुढे नायट्रेट. मधली पायरी तुंबली की घात. नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात शिरते, हिमोग्लोबिनमधल्या लोहाचे ऑक्सिडेशन होते आणि ते प्राणवायू वाहूच शकत नाही. रक्त चॉकलेटसारखे तपकिरी दिसू लागते. पाण्यात ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो.

यावर उपाय काय, तर आपलं साधं मीठ! कल्ल्यांच्या ज्या वाटेने क्लोराइड आत येते, त्याच वाटेने नायट्राइट घुसते. वाटेवर क्लोराइडची गर्दी केली की नायट्राइटला जागाच उरत नाही. म्हणून लिटरला १०० मिलिग्रॅम क्लोराइड ठेवायचे. १.२ मीटर खोल, एक हेक्टर तळे म्हणजे १२,००० घनमीटर पाणी. त्यात १,२०० किलो क्लोराइड हवे. मिठात ते ६० टक्के, म्हणजे दोन टन मीठ. पन्नास किलोची चाळीस पोती! (कॅल्क्युलेटर लागला नाही ना?) मात्र मीठ उडून जात नाही, पाणी बांधावरून वाहून जाईपर्यंत एकदा टाकलेले पुरते.

जिवाणूंचे दुखणे मात्र मिठाने जात नाही. एडवर्डसिएला इक्टालुरी हा जिवाणू १९७६ मध्ये प्रथम आढळला आणि १९८१ मध्ये त्याचे बारसे झाले. पाणी २२ ते २८ अंशांवर असले की, म्हणजे वसंतात आणि शरदात, तो उसळतो. पहिल्या वर्षाची बोटुकली त्याला पटापट बळी पडते. काहींच्या तर दोन डोळ्यांच्या मधोमध कवटीला भोक पडते. व्हिएतनामच्या तळ्यांतल्या माशांच्या यकृतावर आणि मूत्रपिंडावर पांढरे ठिपके आणणारा जिवाणूही हाच. औषध खाद्यातून द्यावे, तर आजारी मासा खातच नाही! मग अनेक शेतकरी खाद्यच बंद करतात किंवा दिवसाआड देतात. विष्ठेतून तोंडात असा रोगाचा प्रवास असल्याने उपाशी ठेवलेले मासे कमी मरतात. उपवास म्हणजे औषध, हे आजीचं म्हणणं इथे लागू पडतं बघा. आता मिसिसिपीच्या संशोधकांनी खाद्यातून देता येणारी लसही तयार केली आहे.

खाद्यात एक गोष्ट विसरून चालत नाही, ती म्हणजे क जीवनसत्त्व. आपल्यासारखंच या माशालाही ते शरीरात बनवता येत नाही. ते कमी पडले की पाठीचा कणा वाकडा होतो. गोळ्या बनवताना मशीनच्या उष्णतेत ते नष्ट होते, म्हणून त्याचे उष्णतेला टिकणारे रूप वापरतात.

आणि संकर? चॅनलची मादी आणि 'ब्लू' जातीचा नर. तळ्यात सोडले तर त्यांचं सहसा जुळत नाही. मादीला हार्मोनचे इंजेक्शन देऊन अंडी काढतात आणि नराला मारून त्याचे वीर्य घेतात. एवढा खटाटोप का? तर हा संकर लवकर वाढतो, कमी ऑक्सिजनवर तग धरतो आणि इक्टालुरीलाही पुष्कळ पुरून उरतो. त्यामुळे शेतकऱ्यांनी भराभर हेच बी घेतलं. पण त्याच जिवाणूचा एक चुलतभाऊ, एडवर्डसिएला पिसिसिडा, या संकरातच जास्त सापडू लागला. शिवाय २००९ पासून अलाबामात एरोमोनास हायड्रोफिलाचा एक जहाल प्रकार आला आहे. तो चॅनललाही सोडत नाही आणि संकरालाही. उन्हाळ्यात येतो आणि नेमका बाजारात न्यायच्या वजनाचा, म्हणजे सगळं खाद्य खाऊन झालेला मासा मारतो.