शितावरून भाताची परीक्षा

परवा जेवताना भावोजींनी बजावले, "सरकारने हात घातला की बट्ट्याबोळ! मुंदडा प्रकरणच पाहा. आयुर्विमा महामंडळाने मुंदडांचे शेअर घेतले आणि १९५८ साली अर्थमंत्री कृष्णम्माचारींना राजीनामा द्यावा लागला."

मी उसळलो, "भावोजी, खासगी विमा कंपन्यांतली अफरातफर विसरलात? म्हणून तर १९५६ साली महामंडळ झाले!"

भात वाढता वाढता सौ.ने विचारले, "पण दोन्ही वेळी पैसे कोणाचे होते?"

आम्ही गप्प! दोघांनीही एकेका शितावरून भाताची परीक्षा केली होती. लोकसभेत दोन्ही प्रकरणे धसास लावणारे फिरोज गांधी मात्र एकच. मालक कोणीही असो, त्यांनी विमेदारांच्या पैशाचा हिशेब मागितला. वाचकहो, वाद घालताना आपण तो मागतो का?