मुके चाकर आणि त्यांचा धनी

विद्यार्थी मित्रहो, इंग्रजीच्या धड्यात 'फेरेट' हे क्रियापद आले म्हणजे "दडलेली गोष्ट चिकाटीने हुडकून काढणे" असा त्याचा अर्थ आम्ही सांगतो, तुम्ही तो वहीत उतरून घेता आणि धडा पुढे सरकतो. परंतु ज्या प्राण्यावरून हा अर्थ आला, त्याची ओळख राहूनच जाते. ती येथे करून देण्याचे आम्ही योजिले आहे. मुक्या प्राण्यास कामास लावणाऱ्या माणसाच्या माथी कोणते कर्तव्य येते, याचाही विचार त्या ओघाने होईल.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. मराठीत आपण ज्यांस सरसकट 'ससा' म्हणतो, ते वस्तुतः दोन निरनिराळे प्राणी होत. आपल्या माळरानावरील ससा बीळ करीत नाही. गवतात अंगापुरती खळगी करून तो बसतो, आणि संकट येताच धूम ठोकतो. त्याची पिल्ले जन्मतःच केसाळ असून त्यांचे डोळे उघडे असतात. या जातीस इंग्रजीत हेअर म्हणतात. युरोपातील रॅबिट याहून वेगळा. तो जमीन पोखरून बिळांचे जाळे करतो व त्यात जमावाने राहतो. त्याची पिल्ले आंधळी व उघड्या अंगाची जन्मतात. मादी सुमारे महिनाभरात विते, आणि वर्षातून कित्येक वेळा विते. अशांची वस्ती शेताच्या बांधाला झाली की कोवळे पीक हातचे गेलेच म्हणून समजावे. कुत्रा कितीही चपळ असला तरी भूमीखाली शिरलेल्या या चोरापुढे त्याचे काही चालत नाही. तेथे फेरेट लागतो.

फेरेट दिसावयास मुंगसासारखा, लांबोडा व आखूड पायांचा असतो. तथापि त्याचे कूळ मुंगसाचे नव्हे. पोलकॅट नावाच्या रानटी प्राण्यापासून माणसाने त्यास दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी माणसाळविले. मादीचे वजन पाऊण किलोच्या आसपास असते, नर त्याहून बराच मोठा असतो. प्लिनी नामक रोमन ग्रंथकाराने लिहून ठेविले आहे की, स्पेनजवळील बेलिआरिक बेटांत ससे इतके माजले की तेथील रहिवाशांनी बादशहा औगुस्ताकडे सैन्याची मदत मागितली. आणि याच संदर्भात सशांस बिळांतून हुसकणाऱ्या या प्राण्याचाही त्याने उल्लेख केला आहे. हा औगुस्त म्हणजे ज्याच्या अमदानीत प्रभू येशूचा जन्म झाला तोच कैसर होय.

इंग्लंडात रॅबिट नेला तो नॉर्मन लोकांनी, मांसासाठी व कातड्यासाठी. पुढे या शिकारीवर श्रीमंतांनी आपला हक्क बसविला. वर्षाकाठी 40 शिलिंगांहून कमी उत्पन्नाची जमीन असणाऱ्या सामान्य माणसाने, तसेच 10 पौंडांहून कमी प्राप्ती असणाऱ्या धर्मगुरूने, शिकारी कुत्रा, फेरेट वा जाळे बाळगू नये, असा कायदा 1390 साली झाला. स्वतः कसत असलेल्या जमिनीवरील ससे मारण्याचा पक्का हक्क कुळास मिळण्यासाठी 1880 साल उजाडावे लागले.

आता कामाची रीत पाहू. हे काम हिवाळ्यातले. वसंतात बिळांत पिल्ले असतात, म्हणून जाणते शिकारी तेव्हा थांबतात. शेतकरी भल्या सकाळी निघतो. सोबत व्हिपेट अथवा लर्चर जातीचा सडसडीत कुत्रा, आणि खांद्याला अडकविलेल्या पेटीत पेंढ्यावर निजलेला फेरेट. कुत्रा एकेका बिळाचे तोंड हुंगतो. आत ससा असेल तर तो कान टवकारून तेथेच निश्चल उभा राहतो. भुंकत नाही, माती उकरीत नाही. मग धनी प्रत्येक तोंडावर बटव्यासारखे जाळे पसरून खुंटी ठोकतो आणि फेरेट आत सोडतो. त्याचा वास येताच ससा उसळून बाहेर पडतो. जाळ्याची दोरी ताणली जाऊन तोंड आवळते व ससा सापडतो. धन्याने त्यास विलंब न लावता, तडफडू न देता मारावयाचे असते.

हे सोपे दिसते. परंतु त्यामागे कित्येक महिन्यांचे शिक्षण असते. फेरेटाच्या पिल्लाचे डोळे चार-पाच आठवड्यांनी उघडतात. तेव्हापासून त्यास रोज हाती घ्यावे लागते, आणि तेही हळू, खांद्यामागून, झडप न घालता. हात म्हणजे अन्न व ऊब, हे एकदा त्याच्या मनात ठसले की ते चावत नाही. ज्याला दांडगाईने पकडले जाते ते भयाने चावते, आणि पुढे बिळाच्या तोंडाशी येऊनही हाती लागत नाही. चूक धन्याची असते, दोष मात्र प्राण्याच्या माथी मारला जातो.

कुत्र्यासही लहानपणीच फेरेटाची संगत लावतात, म्हणजे तो त्यास भक्ष्य न समजता सोबती समजतो. बोलाविताच येणे, बस म्हणताच बसणे, मेंढरे व कोंबड्या समोरून गेल्या तरी न हलणे, हे धडे पक्के झाल्यावर, साधारण वर्षाचा झाला म्हणजे, त्यास रानात नेतात. मारून शिकविलेला कुत्रा धन्याचा हात पाहतो, प्रेमाने शिकविलेला त्याचे मन ओळखतो.

निगेविषयी पूर्वी पुष्कळ गैरसमज होते. फेरेटास पाव व दूध घालीत. वास्तविक तो निव्वळ मांसाहारी आहे. त्याच्या पोटातील अन्न तीन-चार तासांतच जिरते, म्हणून ताजे मांस व पाणी वेळच्या वेळी मिळाले पाहिजे. उपाशी फेरेट अधिक नेटाने काम करतो, ही समजूतही खोटी. तो बिळातच ससा मारतो, खातो आणि तेथेच झोपी जातो. ऊन त्यास सोसत नाही. पिंजरा सावलीत व कोरडा हवा. डिस्टेंपर हा कुत्र्यांचा रोग त्यास बहुधा प्राणघातक ठरतो, म्हणून दोघांसही लस टोचतात. माणसाचा इन्फ्ल्युएंझाही त्यास होतो. लंडनच्या शास्त्रज्ञांनी 1933 साली या रोगाचा विषाणू प्रथम फेरेटांच्याच साहाय्याने हुडकला. पडसे झालेल्या धन्याने त्यापासून दूर राहावे, हे उत्तम.

खरी परीक्षा मात्र फेरेट आत राहून जातो तेव्हा होते. दिवस मावळू लागतो, थंडी वाढते, जाळी गुंडाळून होतात आणि फेरेटाचा पत्ता नसतो. पूर्वी त्याच्या गळ्यास दोरी बांधीत व तिच्या मागोमाग खणीत जात. आता संदेश पाठविणारे यंत्र गळ्यात असते, त्यावरून तो किती खोल आहे हे समजते. तरीही कुदळ मारावीच लागते. एवढ्यानेही तो न मिळाल्यास चांगला धनी त्याच्या निजावयाच्या पेंढ्याची पेटी बिळाशी ठेवतो आणि पहाटे पुन्हा येतो. आपण ज्यास अंधारात धाडिले, त्यास परत घेतल्यावाचून आपले काम संपले, असे तो मानीत नाही.

असे न मानणाऱ्यांचे काय होते, हे न्यूझीलंडात दिसून आले. तेथे बाहेरून नेलेले ससे माजले, तेव्हा 1880 च्या दशकात लोकांनी फेरेट आणून रानात मोकळे सोडले. शिकविणारा नाही, परत बोलाविणारा नाही. त्यांनी किवीसारख्या, जमिनीवर राहणाऱ्या पक्ष्यांचा फडशा पाडिला. अखेर 2002 साली त्या देशात फेरेटाची विक्री व पैदास यांवर बंदी आली. इंग्लंडात ज्या प्राण्याने शेत राखिले, त्यानेच येथे रान उजाड केले. प्राणी तोच, त्यास धनी नव्हता, एवढाच काय तो फरक.

हे वाचून कोणी आपल्या रानात कुत्रा घेऊन सशामागे धावू नये. आपला ससा निराळा, हे वर आलेच आहे. शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे त्यास छत्र आहे. परंतु बैल, कुत्रा, मांजर, कोंबडी यांपैकी कोणी ना कोणी बहुतेकांच्या दारी असते. त्यांचे दाणापाणी आपल्या जेवणाआधी होते की नंतर, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे.

हरवलेल्या मेंढराचा दाखला तुम्ही उपासनेच्या वेळी अनेकदा ऐकला आहे. तो वाचताना आम्हांस आता मेंढपाळाबरोबरच कुदळ टेकून थंडीत बिळापाशी बसलेला तो शेतकरीही आठवतो. पालकहो, आपणही आपली मुले शाळेत, परगावी, जगात धाडतो. धाडणे सोपे, ती परत येईपर्यंत दिवा तेवत ठेवून बसणे, हेच आपले खरे काम होय.