चार बंदरं की दुपारची झोप?

नागपूरहून अमरावती रोडवर वाडी नाका ओलांडला की ट्रान्सपोर्टची गोदामं सुरू होतात. ट्रकच्या रांगा, टायरची दुकानं, चहाच्या टपऱ्या आणि जवळच आयुध निर्माणीची वसाहत, जिला इथले सगळे नुसतं ‘डिफेन्स’ म्हणतात. मुंबईचा समुद्र इथून रेल्वेने आठशेहून अधिक किलोमीटर. तरी दिवाळी सरली की आमच्या ट्रॅव्हल एजन्सीच्या ऑफिसात हमखास कुणीतरी विचारतं, “ताई, क्रूझचं काही आहे का?”

ट्रॅव्हल एजंट म्हणजे तिकीट काढून देणारा, असा सर्वसाधारण समज आहे. पण घरात पाच वर्षांखालचं लेकरू असेल, तर क्रूझच्या बाबतीत आमचं खरं काम तिकिटाच्या आधीचं असतं. कुठला मार्ग घ्यायचा, कुठल्या महिन्यात, कुठलं बंदर ठेवायचं आणि कुठलं सोडायचं, हे एकदा नीट ठरलं की बाकीचं आपोआप जुळतं. ते ठरवतानाचे हे काही किस्से. गिऱ्हाइकांची नावं घेत नाही.

ट्रान्सपोर्टवाल्या भाऊंचा हिशेब

एक भाऊ आले. स्वतःच्या गाड्या, वाडीतच गोदाम. मोठा मुलगा चार वर्षांचा, धाकटी दीड वर्षाची. सिंगापूरहून निघणाऱ्या जहाजांची पत्रकं समोर पसरली होती आणि भाऊंनी बोट ठेवलं ते सर्वांत लांबलचक यादीवर. पोर्ट क्लांग, पिनांग, फुकेत. “ताई, पैसे देऊनच राह्यलो तर जास्त गावं असलेलं घेऊ ना!”

मी वाद घातला नाही. एक कोरा कागद घेतला, धाकटी कधी उठते, कधी जेवते, कधी झोपते हे वहिनींना विचारलं आणि पोर्ट क्लांगचा दिवस तासागणिक लिहून काढला. आठला जहाज धक्क्याला. नाश्ता, दोघांचे कपडे, दूध, डायपर, बॅग, यात साडेनऊ. उतरणाऱ्यांची रांग आणि तपासणी, दहा. तिथून क्वालालंपूर बसने तासाभराच्या वर, म्हणजे सव्वाअकरा. उंच मनोऱ्यांसमोर फोटो. साडेबाराला जेवायला बसायचं आणि एक वाजता धाकटीची झोप. ती झोपणार कुठे? आईच्या मांडीवर, बसच्या एसीखाली. जहाज सुटायच्या बऱ्याच आधी सगळ्यांनी वर परतायचं असतं, त्यामुळे रस्त्यातल्या गर्दीचा वेळ धरून परतीची बस तीनच्या आत पकडायलाच हवी.

भाऊंनी कागद उलटसुलट पाहिला. दिवसभर गाड्यांचा हिशेब करणारा माणूस, लगेच म्हणाले, “म्हणजे गाडी दिवसभर रस्त्यावर अन् माल उतरला तासभर. हे तर परवडतच नाही.”

मग त्याच कागदाच्या मागे पिनांग लिहिलं. तिथे जहाज स्वेटनहॅम पिअरला, थेट जॉर्ज टाउन शहराला चिकटून लागतं. धक्क्याबाहेर पडलं की व्हिक्टोरिया राणीच्या नावाचा घड्याळाचा मनोरा दिसतो, आणि लिटल इंडियाची गल्ली चालत जाण्याच्या अंतरावर. तिथे इडली-डोसा मिळतो, शाकाहारी थाळी मिळते. हे जुनं शहर २००८ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, त्यामुळे मोठ्यांनाही पाहायला पुष्कळ. आणि मूल पेंगुळलं तर बाबागाडी वळवायची, थोड्याच वेळात ते आपल्या केबिनमध्ये आपल्या पलंगावर.

भाऊंनी एकच बंदर आणि उरलेले दिवस समुद्रावर, असा मार्ग घेतला. आल्यावर पेढे घेऊन आले. म्हणाले, “पोट्टे घरी यायलाच तयार नव्हते.”

त्यांना आमच्या धंद्यातली एक गोष्ट आधीच सांगितली होती, ती इथेही सांगते. जहाज बंदराला लागतं त्या दिवशी बहुतेक प्रवासी खाली उतरतात. पोहण्याचा तलाव, घसरगुंड्या, मुलांची खेळायची जागा, सगळं रिकामं. एरवी ज्या घसरगुंडीला रांग असते तिथे तुमचं मूल मनसोक्त खेळतं. लहान मुलांच्या आईबापांनी एखाद्या बंदराला उतरायचंच नाही असं आधीच ठरवलं, तर त्यात गमावण्यासारखं काही नसतं.

विदर्भाची सुट्टी आणि अरबी समुद्र

आपल्याकडच्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, उरलेल्या महाराष्ट्राच्या मागून. त्यामुळे इथली मागणी मे आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्याची. वाडीत पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो आणि लोकांना डोळ्यांसमोर गार वाऱ्याचा समुद्र दिसत असतो. मुंबई-गोवा सगळ्यांच्या तोंडी, कारण कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ हे जहाज सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून निघायला लागलं आणि पासपोर्टशिवाय क्रूझ करता येते हे घरोघरी कळलं.

पण नेमक्या याच दिवसांत अरबी समुद्र फिरतो. मोसमी पाऊस केरळात पोचण्याची सर्वसाधारण तारीख १ जून. त्याच्या मागेपुढे चक्रीवादळांचा काळ. तौक्ते मे २०२१ मधलं, निसर्ग ३ जून २०२० ला अलिबागजवळ जमिनीवर आलं, बिपरजॉय जून २०२३ चं. वादळ नसलं तरी लाटा वाढलेल्या असतात. म्हणून लहान मुलं असतील तर मुंबईचं जहाज नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, हे माझं ठाम मत आहे. दिवाळीची किंवा नाताळची सुट्टी त्यासाठी राखून ठेवा.

जूनमध्येच जायचं असेल तर मलाक्काची सामुद्रधुनी. एका बाजूला सुमात्रा, दुसऱ्या बाजूला मलेशियाची भूमी, दोन्हींकडून आडोसा. तिथलं पाणी बहुतेक वेळा शांत असतं. सिंगापूर-पिनांग हा मार्ग मी लहान मुलांच्या घरांना सुचवते तो याच कारणाने.

बोट लागण्याबद्दल पालक नेहमी सर्वांत धाकट्याची काळजी करतात. प्रत्यक्षात दोन वर्षांखालच्या बाळांना बोट सहसा लागत नाही, त्यानंतर साधारण बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना जास्त लागते. म्हणून मी एक साधा प्रश्न विचारते, “चिखलदऱ्याच्या घाटात मोठ्याला गाडी लागते का?” उत्तर हो असेल, तर केबिन खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मधोमध घ्यायची. हेलकावे तिथे सर्वांत कमी. सगळ्यांना हवी असते ती वरच्या मजल्यावरची, टोकाकडची बाल्कनी, आणि जहाज सर्वांत जास्त डोलतं तेही तिथेच. औषध कुठलं आणि किती, हे मात्र तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारूनच.

पडाव आठवणारी आजी

डिफेन्समधलं एक कुटुंब. आजी, मुलगा-सून आणि तीन वर्षांची नात. लक्षद्वीपला जाणाऱ्या फेरीवर सगळ्यांचं एकमत झालेलं. पांढरी वाळू, निळं पाणी, फोटो बघूनच निर्णय झाला होता. आजी माहेरच्या रत्नागिरीकडच्या. त्या सबंध वेळ गप्प बसल्या होत्या, आणि शेवटी त्यांनी एकच प्रश्न विचारला, “बोट धक्क्याला लागते का?”

इतका नेमका प्रश्न आमच्या टेबलावर क्वचित येतो. कोकणच्या किनाऱ्यावर आगबोटी चालायच्या त्या काळात कित्येक बंदरांत बोट आत येत नसे. ती लांब उभी राहायची, आणि पडाव, म्हणजे माणसं ने-आण करणारी होडी, तिच्या कडेला येऊन लागायचा. आजींनी लहानपणी ते पाहिलेलं. खालून पडाव वर यायचा, पुन्हा खाली जायचा, आणि तो वर आला की नेमक्या त्या क्षणी खलाशी हात धरून माणसाला आत घ्यायचे. तान्ही मुलं आधी या हातातून त्या हातात दिली जायची.

लक्षद्वीपला आजही तसंच आहे. बेटांभोवती प्रवाळाचं कडं, मोठं जहाज बाहेर नांगर टाकून उभं राहतं आणि माणसं लहान बोटींनी किनाऱ्यावर जातात. जहाजावर याला टेंडर म्हणतात. फुकेतलाही बरीच मोठी जहाजं पातोंगच्या खाडीत नांगरतात आणि टेंडरने उतरवतात. बाबागाडी घडी करून हातात, दुसऱ्या हातात मूल, खांद्यावर बॅग, आणि पायाखालची पायरी हलती. वारा वाढला तर कप्तान उतरणंच रद्द करतो, आणि ते योग्यच असतं. पण ज्या दिवसासाठी पैसे भरले तो दिवस मग जहाजावरच जातो.

आजींच्या प्रश्नावर पुन्हा विचार झाला आणि गोवा ठरलं. तिथे जहाज मुरगावला धक्क्याला लागतं. पणजी तिथून तीसेक किलोमीटर, म्हणून तिकडे जाऊच नका असं सांगितलं. जवळचा बोगमाळोचा किनारा, नातीचं वाळूत दोन तास खेळणं, आणि जेवायला परत जहाजावर. लक्षद्वीप ती आठ-नऊ वर्षांची झाल्यावर.

वयाचे नियम आणि केबिनमधलं वास्तव

बऱ्याच मोठ्या कंपन्यांत बाळ किमान सहा महिन्यांचं लागतं. हे वय मोजतात जहाज सुटण्याच्या दिवशी. सलग तीन किंवा अधिक दिवस समुद्रावर असलेल्या मार्गांना अनेक ठिकाणी बारा महिने लागतात, कारण मध्ये दवाखाना गाठायला बंदर नसतं. जहाजावर डॉक्टर असतो, पण बालरोगतज्ज्ञ असेलच असं नाही.

मुलांच्या क्लबचं वय साधारण तीन वर्षांपासून, तेही डायपर सुटलेलं असेल तर. एका जोडप्याचा मुलगा दोन वर्षं दहा महिन्यांचा होता. आईला त्या सुट्टीत दोन घटका निवांत बसायचं होतं, एवढीच तिची अपेक्षा. आम्ही तोच मार्ग, तेच जहाज, पण मुलाच्या वाढदिवसानंतरची तारीख घेतली. क्लबात तो रमला आणि तिला तिचा निवांतपणा मिळाला. मार्ग निवडताना आईची विश्रांती हासुद्धा एक मुक्काम धरावा, असं मला मनापासून वाटतं.

डायपर घालणाऱ्या मुलांना मोठ्या तलावात सहसा उतरू देत नाहीत, पोहायचं डायपर असलं तरी. काही जहाजांवर त्यांच्यासाठी वेगळी कारंजी असतात. ती आहेत की नाहीत, हे बुकिंगच्या आधी बघायचं. मूल तलावाच्या काठावर रडत उभं राहिल्यावर ते कळून उपयोग नसतो.

तान्हं बाळही केबिनच्या माणसांत मोजलं जातं. जीवरक्षक बोटीत प्रत्येक जिवाला जागा लागते, मग तो सहा महिन्यांचा का असेना. तिघांच्या केबिनमध्ये तीन मोठे आणि एक बाळ बसत नाही.

आणि सामान. विजेची किटली बहुतेक जहाजांवर काढून घेतात, घरी केलेलं खाणंही चालत नाही. डिंकाचे लाडू जहाजावर चढण्याआधीच्या हॉटेलच्या मुक्कामात संपवावेत. बाळाचं सीलबंद दूध-पावडर आणि तयार अन्न सहसा चालतं. मऊ भात आणि बिनतिखट वरण हवं असेल तर पहिल्याच संध्याकाळी रेस्टॉरंटच्या प्रमुखाला सांगून ठेवावं, बहुतेक वेळा व्यवस्था होते. आंघोळीला बहुधा नुसता शॉवर असतो आणि शॉवरखाली घाबरणारी मुलं पुष्कळ, म्हणून एक प्लास्टिकचा मग बॅगेत टाकायला मी प्रत्येकाला सांगते.

जहाज थांबत नाही

नागपूरहून सिंगापूरला थेट विमान नाही, कुठेतरी बदलावंच लागतं. हिवाळ्यात धुक्याने विमानं आणि गाड्या दोन्ही लांबतात. म्हणून सिंगापूर असो की मुंबईचं बॅलार्ड पिअर, जिथे २० सप्टेंबर २०२५ ला नव्या क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं, एक दिवस आधी पोचायचंच. थकलेलं मूल रात्रभर झोपलं की पुढची सगळी सहल बदलते.

कागदपत्रांत दोन गोष्टी. मलेशियाला उतरून आपण पुन्हा सिंगापुरात शिरतो, तेव्हा सिंगापूरचा व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा हवा. आणि लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो. आईबापांचा दहा वर्षांचा, त्यामुळे मुलाची मुदत संपत आल्याचं लक्षातच राहत नाही. प्रवासाच्या वेळी त्यात सहा महिने शिल्लक हवेत.

तुम्ही कुठूनही बुकिंग करा, पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारा. प्रत्येक बंदरात जहाज धक्क्याला लागतं की टेंडरने उतरायचं? धक्क्यापासून मूल खेळेल अशी जागा किती मिनिटांवर आहे? आणि त्या महिन्यात त्या पाण्याचा स्वभाव कसा असतो? यांची नेमकी उत्तरं मिळत नसतील तर बुकिंग करू नका, समोर बसलेली एजंट मी असले तरी.