निहाली : सातपुड्यातील एकाकी भाषा

भंडारा जिल्ह्यातील शहापुरासारख्या गावी राहणाऱ्यास भाषांचा शेजार नवीन नाही. येथील झाडीबोली ही मराठीचीच लेक, पोवारीही आर्यकुळातलीच, गोंडी मात्र द्राविडी, म्हणजे कानडी-तेलुगूची बहीण. गोंड 'रंड, मुंड, नालुंग' असे दोन, तीन, चार मोजतो, तेव्हा कानडी 'एरडु, मूरु, नाल्कु' यांचे नाते सहज ओळखू येते. २०११ च्या खानेसुमारीत गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख भरले.

परंतु आपल्याच महाराष्ट्रात, बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव-जामोदच्या बाजूस, जिला सख्खे असे कोणीच नाही अशी एक भाषा आहे. तिचे नाव निहाली. बोलणारे अवघे दोन-अडीच हजार. तीत पाण्यास 'जोप्पो' व डोळ्यास 'जिकित' म्हणतात. दोन, तीन, चार हे अंक तिने द्राविडीकडून घेतले, पाचापासून पुढचे आपल्याकडून, आणि इतर पुष्कळ शब्द शेजारच्या कोरकूकडून. कोरकू ही मुंडा कुळातली. म्हणून ग्रिअर्सनसाहेबांच्या भाषा-पाहणीच्या १९०६ च्या चौथ्या खंडात निहालीही मुंडा भाषांतच घातली गेली. पुढे डच पंडित कायपर यांनी १९६२ च्या ग्रंथात दाखविले की, तिच्या सुमारे चतुर्थांश शब्दांस कोठेच नातलग सापडत नाहीत.

न्यू गिनीच्या डोंगरांत अशा एकाकी भाषा कित्येक आहेत. आपल्याकडे ही विरळाच. पण तिच्या वाट्यास कौतुकाऐवजी संशय आला. ही मुळात टोळीची सांकेतिक बोली असावी, असाही तर्क झाला. उसन्या शब्दांमुळे भाषा हिणकस ठरत असेल, तर फारसीतून 'दरवाजा' व पोर्तुगीजातून 'बटाटा' आणणारी आपली मराठी तरी कशी सुटावी?

खरे संकट निराळेच आहे. निहाल मनुष्य कोरकूशी कोरकूत, बाजारात मराठीत वा हिंदीत बोलतो. त्याची भाषा मात्र शेजारी कोणी शिकत नाही. १९७१ पासून दहा हजारांहून कमी भाषिकांच्या भाषा खानेसुमारीत स्वतंत्र दाखवीत नाहीत; तेव्हा तिचे नावही तेथे नाही. तिला लिपी नाही, ग्रंथ नाहीत. तिचे सारे भांडार म्हाताऱ्यांच्या जिभेवर आहे. शाळेत तिला हसणारी मुले आपल्यासारख्याच घरांतून येतात. त्यांस निदान एवढे शिकविले की ही बिघडलेली मराठी नव्हे, तर एक स्वतंत्र भाषा आहे, तर निहाल पोरास ती लपवावी लागणार नाही.