विश्लेषण : पालघरच्या समुद्रातील तेलशोधाला मच्छीमारांचा विरोध का? फायदा कोणाचा आणि तोटा कोणाचा?

समुद्राच्या तळाखाली तेल आणि नैसर्गिक वायू आहे का, हे शोधण्यासाठी होणाऱ्या सर्वेक्षणांवरून पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर वारंवार वाद होतो. सर्वेक्षणाच्या काळात ठरावीक पट्ट्यात जाळी टाकू नका, अशी सूचना मत्स्यव्यवसाय विभागामार्फत मच्छीमार संस्थांना येते. त्यापाठोपाठ नुकसानभरपाईची मागणी होते, निवेदने दिली जातात आणि हंगाम संपला की विषय मागे पडतो. देशाला तेल हवे आहे, यावर दुमत नाही. मग या व्यवहारात पालघर, बोईसर-तारापूर, डहाणूच्या किनाऱ्याच्या वाट्याला नेमके काय येते?

पालघरच्या समुद्राचा तेलाशी संबंध काय?

भारतातील समुद्री तेलाची कहाणी याच अरबी समुद्रात सुरू झाली. मुंबईपासून पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटर अंतरावरील ‘बॉम्बे हाय’ म्हणजे आजच्या ‘मुंबई हाय’ क्षेत्रात १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या जहाजावरून खोदलेल्या विहिरीत तेल सापडले. मे १९७६ मध्ये प्रत्यक्ष उत्पादन सुरू झाले. त्याच वर्षी मुंबईच्या वायव्येस वायूचा मोठा साठा सापडला. त्याला वसईचेच नाव मिळाले, ‘बसीन’. तेथील वायू १९८८ पासून समुद्राखालील वाहिनीने गुजरातमधील हजिरा येथे जातो. आणखी उत्तरेला तापी आणि दमण ही वायुक्षेत्रे आहेत. मुंबई हायचे तेल उरणला उतरते. म्हणजे पालघर जिल्ह्यासमोरील समुद्र या उद्योगाच्या मधोमध असला, तरी तेल एका टोकाला उरणला आणि वायू दुसऱ्या टोकाला हजिऱ्याला जातो.

सर्वेक्षण कसे केले जाते?

समुद्रात थेट विहीर खोदली जात नाही. त्याआधी ‘सेस्मिक’ सर्वेक्षण होते. सर्वेक्षण जहाज आपल्यामागे दाबाखालील हवा सोडणाऱ्या नळ्या ओढत नेते. या ‘एअरगन’मधून दर काही सेकंदांनी हवेचा स्फोट केला जातो. त्याच्या ध्वनिलहरी पाण्यातून तळाखालच्या खडकांपर्यंत जातात आणि परावर्तित होऊन वर येतात. जहाजामागे काही किलोमीटर लांबीच्या केबल असतात. त्यांवरील संवेदक या लहरी टिपतात आणि त्यावरून खडकांच्या थरांचा नकाशा तयार होतो. पोटाची सोनोग्राफी करावी, तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच की येथील आवाज कैकपट मोठा असतो आणि काम महिनोन्‌महिने चालू राहू शकते.

एवढ्या लांब केबल ओढणारे जहाज चटकन वळू किंवा थांबू शकत नाही. म्हणून त्याच्या मार्गातील जाळी हटवावी लागतात. सोबत असलेल्या गस्ती नौका मच्छीमारांना बाजूला होण्यास सांगतात. वादाची ठिणगी पडते ती येथे.

मच्छीमारांचा आक्षेप काय?

पहिला आक्षेप वेळापत्रकाचा आहे. राज्यात १ जून ते ३१ जुलै हा मासेमारी बंदीचा काळ आहे. तेव्हा मासेमारी नसते, पण समुद्र खवळलेला असल्याने सर्वेक्षणही करता येत नाही. सर्वेक्षणाला शांत समुद्र लागतो आणि तो असतो पावसाळ्यानंतर उन्हाळ्यापर्यंत. मासेमारीचा हंगामही तोच. त्यामुळे हा संघर्ष एखाद्या वर्षी योगायोगाने झालेला नाही, तो ऋतुचक्रातूनच येतो.

दुसरा आक्षेप जाळ्यांचा आहे. या पट्ट्यात डोल जाळीची मासेमारी मोठ्या प्रमाणावर चालते. त्यासाठी समुद्रतळाशी खुंट रोवून ‘कव’ उभारली जाते आणि भरती-ओहोटीच्या प्रवाहात जाळे लावले जाते. कव एका जागी पक्की असते. ‘चार दिवस बाजूला व्हा’ असे सांगून ती हलवता येत नाही. तरंगती जाळी केबलमध्ये अडकली, तर हजारो रुपयांचे नुकसान होते आणि ते नेमके कोणामुळे झाले, हे सिद्ध करण्याची जबाबदारी नौकामालकावर येते.

तिसरा आक्षेप उत्पन्नाचा आहे. सातपाटी हे पापलेटचे बंदर म्हणून ओळखले जाते. २०२३ मध्ये राज्य सरकारने पापलेटला ‘राज्य मासा’ घोषित केले. हा मासा आधीच कमी होत चालला आहे. अशा वेळी हंगामातील काही आठवडे गमावणे परवडणारे नाही, असे मच्छीमार संस्थांचे म्हणणे आहे. अर्थात पापलेट घटण्याचा सगळा दोष तेलशोधाला देता येणार नाही. लहान पिल्लांची मासेमारी, यांत्रिक नौकांची वाढती संख्या आणि किनाऱ्यालगतचे प्रदूषण ही कारणेही तितकीच मोठी आहेत.

आवाजाने मासे खरोखर पळतात का?

या प्रश्नावरील सर्वाधिक उल्लेखला जाणारा प्रयोग नॉर्वेजवळील बॅरेंट्स समुद्रात १९९२ मध्ये झाला. एअरगनचे स्फोट सुरू केल्यानंतर कॉड आणि हॅडॉक या माशांची ट्रॉल जाळ्यांतील आवक संपूर्ण अभ्यासक्षेत्रात सरासरी निम्म्याने, तर प्रत्यक्ष स्फोटांच्या पट्ट्यात सुमारे ७० टक्क्यांनी घटली. हा परिणाम १८ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ३३ किलोमीटरपर्यंत दिसला. स्फोट थांबल्यानंतर पाच दिवसांतही आवक पूर्ववत झाली नव्हती.

मात्र यावरून सरसकट निष्कर्ष काढता येत नाही. माशांची जात, पाण्याची खोली, तळाचा प्रकार यांनुसार परिणाम बदलतो. माशांचे खाद्य असलेल्या सूक्ष्म प्राणीप्लवकांवर २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात झालेल्या अभ्यासात एअरगनपासून १.२ किलोमीटरपर्यंत मोठा परिणाम आढळला, तर त्यानंतर नॉर्वेत झालेल्या प्रयोगात तो काही मीटरपुरताच मर्यादित दिसला. बॅरेंट्स समुद्रातील कॉडला लागू होणारे गणित डहाणूसमोरील उथळ, गाळाच्या समुद्रातील पापलेट आणि बोंबिलाला तसेच्या तसे लागू होईल, असे नाही. पण परिणाम होतच नाही, असेही म्हणता येत नाही. म्हणूनच सर्वेक्षणाच्या आधी आणि नंतर त्याच पट्ट्यातील मासळीची मोजणी महत्त्वाची ठरते.

विहीर खोदल्यानंतर कोणते धोके असतात?

खोदकामात वापरला जाणारा चिखल, खडकाचा चुरा आणि तेलासोबत वर येणारे पाणी हे रोजचे प्रश्न आहेत. समुद्रात सोडल्या जाणाऱ्या प्रक्रिया केलेल्या पाण्यात तेलाचे प्रमाण लिटरला ४० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असा सर्वसाधारण निकष भारतात आहे. उत्पादन मंचांभोवती ५०० मीटरचा सुरक्षा पट्टा असतो. गंमत म्हणजे मंचाच्या खांबांच्या आडोशाला मासे जमतात, पण तेथे जाळे टाकता येत नाही.

अपघात क्वचित होतात, पण झाले तर मोठे होतात. १७ मे १९९३ रोजी बॉम्बे हाय-उरण तेलवाहिनी फुटून हजारो टन तेल समुद्रात पसरले. २७ जुलै २००५ रोजी मुंबई हाय नॉर्थ मंचाला जहाज धडकून लागलेल्या आगीत २२ जणांचा बळी गेला. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात ‘पी-३०५’ हे तेलक्षेत्रातील कामगारांचे निवासी तराफा-जहाज बुडाले. ते आणि ‘वरप्रदा’ ही टग नौका यांवरील मिळून ८६ जणांचा मृत्यू झाला. त्याच वादळात भरकटलेला ‘गाल कन्स्ट्रक्टर’ हा तराफा पालघरजवळ वडराईच्या किनाऱ्याला येऊन रुतला. त्यावरील १३७ जण सुखरूप बाहेर काढण्यात आले, मात्र नंतर त्यातून तेलगळती झाली. तेलक्षेत्र किनाऱ्यापासून कितीही दूर असले, तरी वारा आणि प्रवाह त्याचे परिणाम किनाऱ्याला आणून सोडतात, हे पालघरने तेव्हा पाहिले.

जमिनीवरही चित्र वेगळे नाही. आसाममधील बागजान येथे २७ मे २०२० रोजी ऑइल इंडियाच्या विहिरीतून वायूचा स्फोटक उद्रेक झाला, पुढे तिला आग लागली आणि ती विझायला नोव्हेंबर उजाडला. शेजारी मागुरी-मोटापुंग ही पाणथळ जमीन आणि तिच्यावर जगणारी गावे होती. ‘दुर्गम’ म्हटला जाणारा भाग रिकामा नसतो, हे दोन्हीकडे सारखेच आहे.

मग तेल शोधायचेच नाही का?

भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो. पश्चिम आशियात युद्धाचा भडका उडाला की त्याची झळ भारताच्या तिजोरीला बसते. मुंबई हाय आता जुने झाले असून त्याचे उत्पादन १९८०च्या दशकातील शिखरापासून बरेच खाली आले आहे. जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीने या क्षेत्रासाठी ‘बीपी’ कंपनीची तांत्रिक साह्यासाठी निवड केली. दहा वर्षांच्या करारकाळात तेल-वायू उत्पादन ६० टक्क्यांपर्यंत वाढवता येईल, असा बीपीचा अंदाज आहे. देशात तेल काढले तर परकीय चलन वाचते, तंत्रज्ञ घडतात, रोजगार मिळतो. मच्छीमारांच्या नौकाही डिझेलवरच चालतात आणि डिझेलवरील कर परताव्यासाठी त्यांच्या संस्था सरकारदरबारी पाठपुरावा करत असतात. त्यामुळे ‘तेल नको’ ही भूमिका किनाऱ्यावरही फारशी ऐकू येत नाही. मागणी आहे ती न्याय्य हिशेबाची.

जिल्ह्याला या तेलातून काय मिळते?

थेट असे काहीच नाही, आणि यामागे कायदा आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २९७ नुसार सागरी हद्दीतील आणि सागरतळाखालील खनिज संपत्ती केंद्राच्या मालकीची आहे. गुजरात किंवा आसाममध्ये जमिनीवर तेल निघाले तर त्या राज्याला स्वामित्वधन मिळते. समुद्रातील तेलाचे स्वामित्वधन मात्र केंद्राकडे जाते. महाराष्ट्राला करांतून आणि शुद्धीकरण उद्योगातून अप्रत्यक्ष लाभ होतो, पण तो पालघरच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचतोच असे नाही.

कोळसा किंवा लोहखनिजाच्या खाणी असलेल्या जिल्ह्यांसाठी २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानची तरतूद आहे. बाधित गावांवर खर्च करण्यासाठी खाणचालकांना त्यात पैसे भरावे लागतात. पण ही तरतूद ज्या खाण कायद्यात आहे, त्याच्या व्याख्येतून खनिज तेल वगळलेले आहे. उरतो तो सामाजिक दायित्व निधी. तो ‘स्थानिक परिसराला’ प्राधान्याने द्यावा, असे कंपनी कायदा सांगतो. पण समुद्रातील विहिरीचा ‘स्थानिक परिसर’ कोणता, सातपाटी की उरण की हजिरा, याचे उत्तर त्यात नाही.

प्रशासकीय पेचही आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच्या मासेमारीचे नियमन राज्याकडे आणि तेलाचा निर्णय केंद्राकडे. ड्रिलिंग नसलेल्या सर्वेक्षणांना पर्यावरण मंजुरीच्या प्रक्रियेत सवलत आहे. जानेवारी २०२० मधील अधिसूचनेने शोधविहिरींचे प्रकल्पही ‘ब-२’ वर्गात टाकले. या वर्गाला जनसुनावणी लागत नाही. म्हणजे मच्छीमाराला आपले म्हणणे नोंदवण्याची जागा काम सुरू होण्याआधी नाही, थेट तक्रारीच्या वेळीच आहे.

अविश्वासाचे मूळ कोठे?

ते तारापूरच्या अनुभवात आहे. १९६९ मध्ये देशातील पहिले अणुवीज केंद्र येथे सुरू झाले. त्याच्या तिसऱ्या आणि चौथ्या संचासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. शेजारच्या तारापूर औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी नवापूरजवळ समुद्रात जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांसह देशात सर्वात वरच्या स्थानी होते. या प्रदूषणाविरोधात अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेला राष्ट्रीय हरित लवादात जावे लागले. आता त्यात वाढवण बंदराची भर पडली असून ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याचे भूमिपूजन झाले. प्रत्येक प्रकल्पाचा परिणाम स्वतंत्रपणे तपासला जातो, पण मच्छीमाराचा समुद्र एकच आहे.

भरपाईचा मार्ग आहे का?

आहे, आणि तो देशातच आहे. आंध्र प्रदेशातील कोनसीमा आणि काकीनाडा भागात ओएनजीसीच्या वाहिनीच्या कामामुळे मासेमारी बाधित झालेल्या २३,४५८ कुटुंबांना २०२२ मध्ये महिन्याला ११,५०० रुपये या दराने चार महिन्यांची सुमारे १०८ कोटी रुपयांची भरपाई राज्य सरकारमार्फत देण्यात आली. नॉर्वेने तर पेट्रोलियम कायद्यातच मच्छीमारांच्या भरपाईसाठी स्वतंत्र प्रकरण ठेवले आहे.

भरपाई द्यायची तर आधी नुकसान मोजावे लागते. कोणत्या बंदरातील किती नौका कोणत्या पट्ट्यात जातात, तेथे कोणत्या महिन्यात किती मासळी मिळते, कवी कोठे आहेत, याची नोंद सर्वेक्षणाआधी हवी. जहाज येण्यापूर्वी काही महिने वेळापत्रक ठरवून ते सहकारी संस्थांसमोर मांडणे, तुटलेल्या जाळ्यांचा पंचनामा ठरावीक दिवसांत करणे आणि समुद्री स्वामित्वधनातील छोटा हिस्सा किनारी जिल्ह्यांसाठी राखणे, हे उपाय अशक्य नाहीत. यातील शेवटच्या उपायाला केंद्राचा निर्णय लागेल. पहिले तीन मात्र मत्स्यव्यवसाय विभाग आणि कंपनी यांनी पुढच्या हंगामाआधी एका टेबलावर बसून ठरवण्यासारखे आहेत. तसे झाले नाही, तर पावसाळा सरल्यावर जहाज पुन्हा येईल, सूचना पुन्हा निघेल आणि गेल्या हंगामात किती मासळी मिळाली होती, हे सांगणारा कागद तेव्हाही कोणाकडे नसेल.