मंजुरीची दहा वर्षं

२० ऑगस्ट २०२५ रोजी लोकसभेत एकशे तिसाव्या घटनादुरुस्तीचं विधेयक मांडलं गेलं. पाच वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात एखादा मंत्री सलग तीस दिवस कोठडीत राहिला, तर एकतिसाव्या दिवशी त्याचं पद जावं, अशी त्यातली तरतूद. विरोधकांनी कागद फाडून भिरकावले, विधेयक संयुक्त समितीकडे धाडायचं ठरलं आणि वाहिन्यांवर नैतिकतेचा बाजार भरला. ती बडबड ऐकताना मला बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले आठवत राहिले. दोषारोप निश्चित होणं दूरच, खटल्याला सुरुवातही झाली नव्हती, तेव्हा उच्च न्यायालयातल्या एका न्यायमूर्तींच्या निकालावर महाराष्ट्राचा हा मुख्यमंत्री पायउतार झाला होता. आता पद जायला तीस रात्री लागणार. आणि त्या कोणाच्या वाट्याला यायच्या, हे पोलीस कोणाच्या हाताखाली आहेत त्यावर ठरणार.

१९६० ते १९८० ही वीस वर्षं मी सोडून देतो. त्या काळात मुख्यमंत्र्यांवर आरोप झाले नाहीत असं नाही. पण ते विधानसभेत झाले आणि बहुतेक तिथेच विरले. मुख्यमंत्रिपदावर बसलेल्या माणसाला फौजदारी न्यायालयात खेचता येतं का, हा प्रश्न महाराष्ट्राने खऱ्या अर्थाने विचारला तो ऐंशीच्या दशकात. ते दशक मी आधी कायद्याचा विद्यार्थी म्हणून आणि मग नवखा वकील म्हणून जवळून पाहिलं.

अंतुले ९ जून १९८० रोजी मुख्यमंत्री झाले. कामाचा झपाटा दांडगा. संजय गांधी निराधार अनुदान योजना त्यांची. सिंधुदुर्ग आणि जालना हे जिल्हे त्यांच्या काळात झाले, कुलाब्याचा रायगड त्यांनीच केला. फाईलवर बसून राहणाऱ्या सचिवांना त्यांची धास्ती होती. हे सगळं मान्य करूनच पुढचं सांगतो, कारण कोकणात आजही या विषयाला हात घातला की पहिलं वाक्य ऐकू येतं, ‘पण माणसाने कामं केली हो.’

त्या वेळी सिमेंट परवान्यावर मिळत असे. नियंत्रित भाव एक, काळ्या बाजारातला दुसरा, आणि दोन्हींत भलं मोठं अंतर. आमच्या वडिलांना गावच्या घरावर स्लॅब टाकायचा होता. मोजक्या पोत्यांसाठी त्यांनी एका कचेरीचे उंबरठे झिजवले. पाऊस आला, परवाना आला नाही. आणि त्याच काळात मुंबईतल्या बिल्डरांना सिमेंट मंजूर होत होतं. त्यांच्याकडून ‘इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान’ नावाच्या न्यासाला देणग्या जात होत्या, साखर कारखान्यांकडून टनामागे वर्गणी जात होती. न्यासाचा हेतू काय, तर गरजू लेखक-कलावंतांना मदत! ३१ ऑगस्ट १९८१ रोजी अरुण शौरी यांनी ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये ‘इंदिरा गांधी अ‍ॅज कॉमर्स’ या मथळ्याखाली हे सगळं उघड्यावर आणलं.

दुसऱ्याच दिवशी, १ सप्टेंबरला, भाजपचे रामदास नायक यांनी राज्यपालांकडे अर्ज केला : मुख्यमंत्र्यांवर खटला भरायचा आहे, मंजुरी द्या. तिथून या दशकाचा खरा खेळ सुरू झाला. मंजुरीशिवाय नायकांची फिर्याद दाखल करून घ्यायला मुख्य महानगर दंडाधिकाऱ्यांनी नकार दिला. मंजुरी द्यायची राज्यपालांनी; आणि राज्यपाल वागणार मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. म्हणजे आरोपीवर खटला भरावा की नाही, हे आरोपीच्याच मंत्रिमंडळाने सांगायचं!

दरम्यान जनता पक्षाचे पी. बी. सामंत आणि इतरांनी केलेल्या रिट याचिकेवर न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी १२ जानेवारी १९८२ रोजी निकाल दिला. सिमेंटचं वाटप आणि प्रतिष्ठानच्या देणग्या यांचा सांधा जुळतो, असं त्यांनी नोंदवलं. त्याच दिवशी अंतुल्यांनी राजीनामा दिला. हा दिवाणी स्वरूपाचा निकाल होता, शिक्षा कोणाला झाली नव्हती. आठवड्याभरात दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला, पाठोपाठ बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री झाले आणि वर्तमानपत्रांना नवे विषय मिळाले. फेब्रुवारीअखेर केंद्राने सिमेंटवरचं नियंत्रणही अंशतः उठवलं. माझा जुना राग इथला आहे. लेंटिन यांच्या निकालावर लोकशाहीच्या विजयाचे अग्रलेख लिहिणाऱ्या मराठी संपादकांपैकी बहुतेकांनी पुढे खटल्याकडे ढुंकून पाहिलं नाही. राजीनामा घेतला की पाप धुतलं, अशी एक सोयीची समजूत तेव्हा रुजली आणि ती अजून हललेली नाही.

खटल्याचं काय झालं ते पाहा. मंजुरी राज्यपालांनी स्वतःच्या विवेकाने द्यावी, हे सरकारी वकिलांनी उच्च न्यायालयात मान्य केलं. मग तेच सरकार सर्वोच्च न्यायालयात जाऊन म्हणालं की आम्ही तसं मान्य केलंच नव्हतं. न्यायाधीशांनी नोंदवलेलं अंतिम असतं, असं सुनावून सर्वोच्च न्यायालयाने त्यांना २८ जुलै १९८२ रोजी परत पाठवलं. त्याच दिवशी राज्यपालांनी पाच बाबींपुरती मंजुरी दिली. केंद्रात काँग्रेस, राज्यात काँग्रेस, आणि तरीही काँग्रेसच्या माजी मुख्यमंत्र्याविरुद्ध मंजुरी मिळाली, हे आजच्या वाचकाने दोनदा वाचावं.

मग विशेष न्यायाधीश भुट्टा यांच्यापुढे वाद : खासगी नागरिकाला अशी फिर्याद करता येते का? ते म्हणाले, येते. प्रकरण विशेष न्यायाधीश सुळे यांच्याकडे गेलं. अंतुले अजून आमदार होते. आमदार हा लोकसेवक, त्याची वेगळी मंजुरी हवी, असं म्हणून सुळे यांनी जुलै १९८३ मध्ये त्यांना दोषमुक्त केलं. १६ फेब्रुवारी १९८४ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तो निर्णय उलटवला. नायकांची बाजू राम जेठमलानी लढवत होते. घटनापीठ म्हणालं, आमदार त्या अर्थाने लोकसेवक नाही. ज्या पदाचा गैरवापर केला ते पद सुटलं की मंजुरी लागत नाही. आणि भ्रष्टाचाराची फिर्याद कोणीही नागरिक करू शकतो. सामान्य माणसाच्या हाती या देशात इतकं मोठं हत्यार क्वचितच आलं असेल. आम्ही तरुण वकील हरखून गेलो होतो. त्याच निकालात घटनापीठाने आणखी एक गोष्ट केली. कोणी मागितलं नसताना खटला थेट मुंबई उच्च न्यायालयाकडे वर्ग केला आणि रोजच्या रोज चालवायला सांगितलं.

उच्च न्यायालयात न्यायमूर्ती खत्री, मग मेहता, मग शहा. सत्तावन्न साक्षीदार तपासले गेले. मेहता यांनी त्रेचाळीसपैकी एकवीस दोषारोप ठेवले, बाकीचे वगळले. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली ते चूक ठरवलं आणि शहा यांनी एकोणऐंशी दोषारोप निश्चित केले. त्याच वर्षी शिवाजीराव पाटील निलंगेकर मुलीच्या एमडीच्या गुणांच्या प्रकरणात न्यायालयाच्या ताशेऱ्यांवर गेले. एका दशकात दोन मुख्यमंत्री न्यायमूर्तींच्या शब्दांवर गेले आणि शिक्षा एकालाही झाली नाही.

२९ एप्रिल १९८८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी, पाच विरुद्ध दोन अशा मतांनी, चौऱ्याऐंशीचा वर्ग करण्याचा आदेश रद्द केला. १९५२ च्या कायद्याप्रमाणे असा खटला फक्त विशेष न्यायाधीशच चालवू शकतो, उच्च न्यायालयात नेल्याने आरोपीचा अपिलाचा एक टप्पा हिरावला गेला, आणि न्यायालयाच्या चुकीचं नुकसान आरोपीने का सोसावं, असं त्यांचं म्हणणं. उच्च न्यायालयात झालेलं सगळं कामकाज वाया गेलं. तत्त्व म्हणून मी या निकालाला चूक म्हणणार नाही. माझी तक्रार वेगळी आहे. ज्याच्यासाठी सात न्यायाधीश बसले, तो आरोपी माजी मुख्यमंत्री होता. आर्थर रोडमध्ये वर्षानुवर्षं तारखा मोजणाऱ्या कच्च्या कैद्याचा अपिलाचा टप्पा गेला, तर कोण बसतं?

पुढे अंतुल्यांनीच विलंबाचं कारण देऊन खटला रद्द करायला सांगितलं. १० डिसेंबर १९९१ रोजी न्यायालयाने नकार दिला. मात्र जलद खटल्याचा हक्क जगण्याच्या हक्कात येतो, हे ठामपणे मांडलं. आज गरीब कैद्यांचे वकील ज्या निकालाचा आधार घेतात, त्याच्यावर अंतुल्यांचं नाव आहे. दहा वर्षांत न्यायालयांनी मंजुरी कोणी द्यायची, फिर्याद कोणी करायची, आमदार म्हणजे कोण आणि खटला कुठे चालायचा, एवढं सगळं ठरवलं. सिमेंटच्या बदल्यात पैसे घेतले का, हा मूळ प्रश्न रांगेत मागेच राहिला.

एक गोष्ट अंतुल्यांच्या बाजूने सांगायला हवी. त्यांच्या न्यासाकडे येणाऱ्या पैशाची निदान नोंद होती, म्हणून ते सापडले. पावती न फाडता घेणारे त्यांच्या आधी होते, नंतर तर अमाप झाले. महाराष्ट्राचा पहिला आणि आजवरचा एकमेव मुस्लिम मुख्यमंत्री, साखर लॉबीच्या बाहेरचा माणूस. त्यांच्याविरुद्ध आतूनही पुष्कळ हात सरसावले होते.

नव्वदनंतरचं भराभर. अंतुले १९८९ मध्ये कुलाब्यातून लोकसभेत गेले, १९९५ मध्ये केंद्रात आरोग्यमंत्री झाले, २००६ मध्ये पुन्हा मंत्री झाले. २ डिसेंबर २०१४ रोजी वारले. शिक्षा त्यांना कधीच झाली नाही. नायकांचा ऑगस्ट १९९४ मध्ये मुंबईत गोळ्या घालून खून झाला. ‘आदर्श’ सोसायटीच्या घोटाळ्यात मुख्यमंत्री अशोक चव्हाणांचं पद २०१० साली गेलं. एका राज्यपालांनी मंजुरी नाकारली, दुसऱ्यांनी ती २०१६ मध्ये दिली, २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राच्या श्वेतपत्रिकेत ‘आदर्श’चा उल्लेख झाला आणि आठवड्याच्या आत चव्हाण सत्ताधारी पक्षात दाखल झाले.

मला खरा डंख २०१८ चा आहे. त्या वर्षी भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा बदलला. कलम १९ खालच्या मंजुरीचं कवच पद सोडलेल्यांनाही मिळालं, आणि नव्या कलम १७अ ने सरकारी निर्णयाशी निगडित आरोपाची साधी चौकशी करायलाही पोलिसांना पूर्वपरवानगी सक्तीची केली. हा बदल आणायला काँग्रेसने २०१३ मध्ये सुरुवात केली, भाजपने तो पुरा केला. त्याआधी २०१६ मध्ये महाराष्ट्राने दंडाधिकाऱ्यांनाही मंजुरीशिवाय चौकशीचा आदेश देण्यापासून अडवलं होतं. ते करणारं सरकार रामदास नायकांच्याच पक्षाचं. चौऱ्याऐंशी साली त्यांनी जे मिळवलं, ते त्यांच्याच वारसदारांनी परत दिलं.

तेव्हा संयुक्त समितीतल्या खासदारांकडे, आणि त्यांना निवडून देणाऱ्यांकडे, माझं मागणं साधं आहे. कोठडीच्या रात्री मोजत बसण्याआधी कलम १७अ रद्द करा, पद सोडलेल्यांचं कवच काढून घ्या, आणि मंत्र्यावर खटला भरायच्या मंजुरीचा निर्णय त्याच्या सरकारकडून काढून उच्च न्यायालयाकडे द्या.